वहिनींचा बत्तीस किलोमीटरचा रविवार

पाव आणायला खाली उतरलेल्या वहिनी पावणेदोन तासांनी परत आल्या, तेव्हा त्यांच्या हातात पाव नव्हता. रिकामी पिशवी होती, ती मनगटाला गुंडाळलेली. मी जिन्यात उभा होतो. सहजच. आमच्या इमारतीत कुणाला उशीर झाला, कुणाकडे पाहुणा आला, कुणाचं वाजलं, की मी जिन्यात सहजच उभा असतो.

"वहिनी, अहो होतात कुठे? बेकरी काय दुसऱ्या गावाला गेली?"

"पळत होते," त्या म्हणाल्या.

"पळत? कुणाच्या मागे?"

"कुणाच्याच नाही."

"मग कुणी मागे लागलं होतं का?"

"नाही हो, भाऊजी."

आणि त्या वर निघून गेल्या. केस घामाने कपाळाला चिकटलेले, श्वास भात्यासारखा. चेहरा मात्र नेहमीचाच. धुऊन वाळत घातलेल्या चादरीसारखा: स्वच्छ, सपाट, कुणाचाही.

चादरीची उपमा मी उगाच दिलेली नाही. वहिनी इस्पितळाच्या धुलाईघरात आहेत. त्यांचं काम असं की ढकलगाड्यातून ओली चादर उपसायची, तिची दोन टोकं आपण धरायची, दोन टोकं समोरच्या बाईने धरायची, एकदा झटकायची, ताणायची आणि तापलेल्या मोठ्या रोलरच्या तोंडात द्यायची. पलीकडून ती इस्त्री होऊन बाहेर पडते. मग दुसरी. मिनिटाला तीन, कधी चार. एकोणीस वर्षं. आत गोंगाट एवढा की बोलायचं तर तोंड समोरचीच्या कानाला लावावं लागतं, म्हणून कुणी बोलतच नाही. माझ्यासारखा माणूस तिथे तीन दिवसांत गुदमरून मेला असता. मी चपला-बुटांच्या दुकानात आहे. दिवसभर लोकांचे पाय हातात घेऊन वर त्यांच्या तोंडाशी बोलत राहायचं, हाच माझा धंदा.

आता वहिनींच्या नवऱ्याबद्दल. ते बस डेपोत वेळनोंद करायचे. कुठली गाडी किती वाजता सुटली, किती वाजता परत आली, हे फाटकाजवळच्या केबिनमध्ये बसून रजिस्टरात लिहायचं आणि शिट्टी मारायची. ड्रायव्हर मंडळी त्यांना मिनिटराव म्हणायची. एक मिनिट उशीर झाला तर हा माणूस 'एक मिनिट उशीर' असं लिहायचा. 'जवळजवळ वेळेवर' असला प्रकार त्यांच्याकडे नव्हता. घरातही तेच. बाहेर पडणाऱ्याने परत कधी येणार ते सांगूनच उंबरा ओलांडायचा. स्वतःच्या लग्नात ते वहिनींना पहिलं वाक्य 'चार मिनिटं उशीर झाला' असं बोलले, असं सांगतात. सांगतात म्हणजे मीच सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मिनिटराव केबिनमध्येच खुर्चीवरून कलंडले. हातात पेन तसंच. बाहेर दोन गाड्या शिट्टीची वाट बघत अकरा मिनिटं उभ्या होत्या. मिनिटरावांनी सोडल्याशिवाय निघायची कुणाची टाप नव्हती. उजवी बाजू गेली. बोलणं गेलं. त्यांना आणलं ते वहिनींच्याच इस्पितळात. वहिनी खाली धुलाईघरात होत्या. मुकादमाने कानात ओरडून सांगितलं. त्या वेळी अर्धी चादर रोलरमध्ये गेलेली होती. वहिनींनी ती पुरती बाहेर येऊ दिली, समोरच्या बाईबरोबर तिची घडी घातली, घडी थप्पीवर ठेवली आणि मग जिना चढून वर गेल्या. डोळ्यांत टिपूस नाही.

याच्यावर इमारतीत किती चर्चा झाली म्हणून सांगू! मीच केली बरीचशी. कुणी म्हणालं बाई दगड आहे, कुणी म्हणालं धक्का बसलाय, महिनाभरात फुटेल बांध. महिना गेला, वर्ष गेलं. बांध काही फुटला नाही. त्या सकाळी सहाला उठत, नवऱ्याचं सगळं करत, कामाला जात, येत, पुन्हा सगळं करत. मधल्या वेळेत एक बाई येऊन मिनिटरावांना बघायची. वहिनी कुरकुर करत नसत, रडत नसत, आणि माझ्या विनोदांना हसतही नसत. हे शेवटचं मला जरा लागलं.

एकदा मी सरळ विचारलं. मला राहवतच नाही.

"वहिनी, अहो एकदा मनसोक्त रडून घ्या. आमची ही म्हणते, बरं वाटतं."

"येत नाही, भाऊजी," त्या म्हणाल्या. गॅस कमी केला, दूध उतू जात होतं. "आत काही हलतच नाही. हाताला चिमटा काढला तर हाताला दुखतं. मला नाही."

तर अशा बाईला एका रविवारी पावाची पिशवी हातात असताना पळावंसं वाटलं. का, ते त्यांनाही सांगता येत नाही. रस्ता ओलांडताना गाडी आली म्हणून चार पावलं पळाल्या, आणि पलीकडे गेल्यावर थांबायचं राहून गेलं, एवढंच म्हणतात.

पुढच्या महिन्यात त्या माझ्या दुकानात आल्या. इस्पितळाच्या फलकावर सूचना लागली होती की ज्यांना मॅरेथॉनमध्ये धावायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. धुलाईघरातून एकच नाव गेलं.

"बेचाळीस किलोमीटर!" मी म्हटलं. "अहो, एवढ्या अंतरात बससुद्धा मधे चहाला थांबते."

"एक नंबर मोठा द्या," त्या म्हणाल्या. "लांब पळलं की पाय सुजतात म्हणे."

मी त्यांचे पाय पाहिले. एकोणीस वर्षं गरम फरशीवर उभे राहिलेले पाय. टाचा रुंद, बोटं पसरलेली. पंचवीस वर्षांच्या धंद्यात मला एक कळलंय, माणसाचं तोंड थापा मारतं, पाय मारत नाहीत. ते पाय कुठेतरी जायला निघालेले होते.

अठरा आठवड्यांचा तक्ता त्यांनी कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. मंगळवार, गुरुवार थोडं थोडं, कामावरून येताना. रविवारी लांब. दर रविवारी आकडा वाढत जाणार. शेवटून चौथ्या रविवारी बत्तीस, आणि मग पाय ताजे राहावेत म्हणून कमी करत जायचं. प्रश्न एकच होता: रविवारी मिनिटरावांपाशी कोण बसणार? दिवसाच्या बाईला सुट्टी. तेव्हा आमच्या हिने परस्पर मला देऊन टाकलं.

"तुम्ही बसा," ती म्हणाली. "घरी माझं डोकं खाता, त्यापेक्षा त्यांचं खा. ते बिचारे काही बोलणार नाहीत."

आमचं घर त्यांच्या बरोबर खाली. सकाळी मी चपला घालून वर जायचो तोवर वहिनी लेस बांधत असायच्या. निघताना पलंगापाशी उभ्या राहून त्या नवऱ्याला सांगायच्या, "सहाला निघते. पावणेआठला येते." फार प्रेमाने वगैरे नाही. वीस-बावीस वर्षांची सवय. मिनिटराव समोरच्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचे. बस. त्यांच्याकडून हो नाही, नाही नाही. वहिनी क्षणभर थांबायच्या, आणि जायच्या.

चौदा किलोमीटर झाले, सोळा झाले, अठरा, वीस. तेवढं माझं बसणं लांबत गेलं. मी मिनिटरावांना चहा पाजायचो, उशी सरकवायचो, आणि बोलत राहायचो. दुसऱ्या मजल्यावर कुणाचं जमलं, तिसऱ्या मजल्यावर कुणाचं मोडलं, दुकानात कुठल्या बाईने दोन वेगवेगळ्या नंबरचे बूट नेले. विहिरीत दगड टाकावा आणि 'डुबुक' ऐकूच येऊ नये, तसे माझे विनोद त्या खोलीत जायचे. त्यांचा एक डोळा अर्धा मिटलेला, दुसरा घड्याळावर. मी बोलतोय हे त्यांना कळत तरी होतं की नाही, देव जाणे.

वहिनी परत यायच्या त्या सांगितलेल्या वेळेच्या एक-दोन मिनिटं अलीकडे-पलीकडे. आल्या की बादलीत गार पाणी घेऊन त्यात पाय सोडून बसायच्या, पलंगाच्या शेजारीच. गालांवर मीठ सुकलेलं. आणि तेव्हा, फक्त तेव्हा, ही बाई बोलायची: डेपोवरून कालव्याच्या काठाला लागले. गोदामांच्या मागच्या भिंतीला कुणीतरी निळा रंग अर्धाच दिलाय. पाइपांच्या कारखान्यापाशी एक पिवळा कुत्रा माझ्याबरोबर पळतो, बरोब्बर त्याच्या हद्दीपर्यंत, मग बसतो. पाण्याच्या टाकीपुढे रस्त्याला कुणी नसतं.

"आणि मजा कसली वाटते यात?" मी विचारायचो. "पाय सुजवून घ्यायचे, नखं काळी करून घ्यायची, आणि शेवटी आलात कुठे, तर घरीच!"

चोवीस किलोमीटर झाले त्या रविवारी त्यांनी या प्रश्नाचं उत्तर दिलं. बादलीतल्या पायांकडे बघत.

"पहिले दहा किलोमीटर काही नसतं. डोक्यात चादरी चालू असतात. पंधराला त्या बंद होतात. अठराच्या पुढे पाय आपले आपण चालतात, मला काही करावं लागत नाही. श्वास ऐकू येतो. उन्हं येतात ती हातावर पडलेली कळतात. इथेही मला काही वाटत नाही, भाऊजी, आणि तिथेही काही वाटत नाही. पण तिथलं ते मोकळं असतं. आठवड्यातून तेवढंच मी कुठेतरी असते." मग म्हणाल्या, "त्याला मजा म्हणतात का, ते मला ठाऊक नाही. पण सोमवारपासून मी रविवार मोजते."

मी या बाईच्या तोंडून एका दमात एवढी वाक्यं दोन वर्षांत ऐकली नव्हती. मिनिटराव घड्याळाकडे बघत होते.

आता माझा पराक्रम ऐका. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा माझा स्वभाव. तीन-तीन तास एका गप्प माणसापुढे बसून माझ्या विनोदांची पातळी घसरत चालली होती. आकडा सव्वीसवर गेला तेव्हा मी मिनिटरावांना म्हटलं, "साहेब, बायको दर रविवारी दोन किलोमीटर लांब जातेय, बरं का. हिशोब करा. वर्षभरात समुद्राला लागेल." अठ्ठावीसला म्हटलं, "गेल्या म्हणजे गेल्याच समजा. मी असतो तर आलो नसतो परत." त्यांचा चेहरा जसाच्या तसा. चेहरा हलत नाही म्हटल्यावर माणसाला चेव येतो. निदान मला येतो.

बत्तीसचा रविवार उजाडला. वहिनी पावणेसहाला निघाल्या. निघताना सांगितलं, "पावणेदहाला येते." मोठ्या पुलापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. मी बसलो. आठ वाजता चहा. नऊला केळं कुस्करून दिलं. साडेनऊपासून मिनिटराव घड्याळावरून नजर काढेनात. पावणेदहा झाले. दहाला पाच कमी. दहा. वहिनींना पाच मिनिटंसुद्धा उशीर कधी झाला नव्हता.

आणि मी, शहाणा माणूस, काय बोलावं? म्हटलं, "झालं, साहेब! आज वहिनी परत येत नाहीत. सुटल्या त्या. आता तुम्ही आणि मी."

एवढं बोलून मी बाहेर जिन्यात गेलो. वहिनी दिसतात का बघायला, असं म्हणेन. पण दुसऱ्या मजल्यावरची शिक्षिका भाजी घेऊन येत होती आणि तिच्या भावाच्या नोकरीचं काय झालं ते मला हवं होतं. जेमतेम दहा मिनिटं. धप्प असा आवाज आला तेव्हा आम्ही पगारापर्यंत पोचलो होतो.

मिनिटराव जमिनीवर पालथे पडले होते. दोन माणसांनी धरल्याशिवाय जो माणूस दोन वर्षांत उभा राहिला नव्हता, तो पलंगापासून चार पावलं पुढे. डोकं दाराच्या दिशेने. कपाळावर टेंगूळ, ओठ फुटलेला. मी घड्याळाकडे पाहिलं. या घरात सगळ्यांनाच ती खोड लागते. सव्वादहा वाजून एक मिनिट.

शिक्षिकेच्या मदतीने त्यांना उचलून पलंगावर घातलं. साडेदहाला वहिनी आल्या. दारातच उभ्या राहिल्या. बूट पांढऱ्या धुळीने माखलेले.

"कसे पडले?" त्यांनी विचारलं.

आणि मी म्हटलं, "बाथरूमला जायला उठले असावेत. मी चहाचं बघत होतो."

अर्धं वाक्य खोटं आणि अर्धं जास्तच खोटं. बाथरूम दाराच्या बरोबर उलट्या बाजूला आहे. पण वहिनींनी त्यांना पडलेलं कुठे पाहिलं होतं! मी त्यांना आधीच पलंगावर घातलं होतं.

दुपारपर्यंत वन्सं हजर. वन्सं म्हणजे मिनिटरावांच्या थोरल्या बहीण, मुलींच्या वसतिगृहात तीस वर्षं वॉर्डन होत्या, आता निवृत्त. निवृत्त फक्त कागदावर. बॅग घेऊनच आल्या. आल्या आल्या भावाच्या कपाळावरून हात फिरवला आणि वहिनींकडे वळल्या.

"बायका रविवारी नवऱ्याचं करतात. तू रस्ते मोजतेस."

वहिनींनी त्यांची बॅग उचलून आत ठेवली.

"एका परक्या माणसाच्या गळ्यात माझा भाऊ बांधून तू चार-चार तास हुंदडायचं? त्याला बाथरूमला न्यायला कुणी नाही? हाड मोडलं असतं म्हणजे? ते शर्यतीचं खूळ आजपासून बंद. नाहीतर मी ह्याला माझ्याकडे घेऊन जाते. सांग."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

नुसतं 'बरं'. आवाजात राग नाही, दुःख नाही. कपाट उघडलं, आतला तक्ता काढला, चार घड्या घातल्या. चादरीची घालतात तशीच, कडांना कडा जुळवून. बूट वर्तमानपत्रात गुंडाळून पलंगाखाली सरकवले. मी दारात उभा होतो. तोंड उघडायची हीच वेळ होती, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड बंद राहिलं.

त्या आठवड्यात मला जेवण गेलं नाही. आमच्या हिला वाटलं पित्त झालंय. मी रोज संध्याकाळी जिन्यात वहिनींना बघायचो. मंगळवारी त्या कामावरून बसने आल्या. गुरुवारीही बसने. विचारलं, "बरं आहे ना, वहिनी?" म्हणाल्या, "बरं आहे." ते 'बरं' ऐकून एखाद्याने अंगावर पांघरूण ओढून घ्यावं. आधी निदान त्यांच्याकडे रविवार होता. आता सातही दिवस सारखेच झाले होते.

शनिवारी संध्याकाळी मी वर गेलो. वन्सं स्वयंपाकघरात भांडी लावत होत्या, जोरजोरात. वहिनी पलंगावर बसून मिनिटरावांची दाढी करत होत्या. एक गाल झाला होता, दुसऱ्यावर फेस.

"वहिनी," मी म्हटलं, "ते बाथरूमला चालले नव्हते."

वस्तरा थांबला नाही. "मग?"

"दाराकडे चालले होते. डोकं दाराकडे होतं. मी खोटं बोललो. चहाचंही खोटं, मी जिन्यात गप्पा मारत होतो. आणि त्याच्या आधी..." मिनिटरावांचा चांगला डोळा माझ्यावर होता, फेसाच्या वर. "त्याच्या आधी मी यांना म्हटलं, आज वहिनी परत येत नाहीत. सुटल्या त्या. गंमत म्हणून म्हटलं हो."

स्वयंपाकघरातली भांडी गप्प झाली.

"किती वाजता पडले?" वहिनींनी विचारलं.

"सव्वादहा."

"सव्वादहा की सव्वादहाच्या सुमाराला?"

"मी पाहिलं तेव्हा सव्वादहा वाजून एक मिनिट."

त्यांनी वस्तरा पाण्यात बुडवला, पुसला आणि बाजूला ठेवला.

"मी पावणेदहा सांगितलं होतं," त्या म्हणाल्या. "डेपोत नियम होता. गाडी अर्धा तास झाला तरी आली नाही, की ह्यांनी केबिन सोडायची आणि फाटकापाशी जाऊन उभं राहायचं. गाडी दिसेपर्यंत. पाऊस असो, काही असो. एकदा तापात तीन तास उभे होते." त्या नवऱ्याकडे बघत होत्या. "तुमच्या गमतीने नाही उठले, भाऊजी. तुमच्या गमतीने उठायचं असतं तर दहालाच उठले असते."

मला हायसं वाटायला हवं होतं. उलट जरा अपमानच वाटला.

"मला वाटायचं, मी गेले काय नि आले काय, ह्यांना कळत नाही," वहिनी म्हणाल्या. "मी सांगते, हे घड्याळाकडे बघतात. दोन वर्षं मी घड्याळाला सांगते असंच धरून चालले होते."

 फेस मिनिटरावांच्या हनुवटीवरून ओघळला. वहिनींनी तो बोटाने पुसला, आणि पुढचं बोलल्या ते मला नव्हे, त्यांना.

"मी पुलापाशी वळले नाही. थकले नव्हते, वाट चुकले नव्हते. पूल आला, वळायचं होतं, माहीत होतं. पाय पुढेच गेले. इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं. उजवीकडे नुसतं गवत होतं, वाकलेलं. दोन किलोमीटर पुढे गेले. तुमची आठवण झाली नाही. कुणाचीच झाली नाही."

मी माझ्या पायांकडे बघत होतो. बोलाफुलाला गाठ म्हणतात ती ही. मी आठवडाभर ज्या विनोदापायी जेवलो नव्हतो, तो विनोदच नव्हता.

"मग परत का आलीस?" हे वन्संनी विचारलं. त्या हात पुसत दारात येऊन उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे.

"पाणी संपलं," वहिनी म्हणाल्या.

मला हसू आलं, ते मी गिळलं. वन्संना नाही आलं.

"ऐकलंस ना रे?" त्या भावाला म्हणाल्या. "आता तरी कळलं? आपलं ठरलंय. पळणं बंद."

वहिनी उठल्या. पलंगाखालून कागदात गुंडाळलेले बूट ओढून काढले. पुन्हा येऊन पलंगापाशी उभ्या राहिल्या, दर रविवारी राहायच्या तशाच, फक्त आज शनिवार होता आणि नवऱ्याच्या अर्ध्या तोंडाला फेस होता.

"उद्या वीस आहेत," त्या म्हणाल्या. "सव्वासहाला निघते. पावणेनऊला येते. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार. उद्याही नाही आणि शर्यतीलाही नाही. पण तुम्ही म्हणा. वन्संनी नको, भाऊजींनी नको."

मिनिटरावांनी घड्याळाकडे पाहिलं नाही. वहिनींकडे पाहिलं. मग मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. हळू, पण स्पष्ट.

"बघ," वन्सं म्हणाल्या. "नको म्हणतोय."

वहिनींच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्यांनी बूट खाली ठेवले आणि वस्तरा उचलला. राहिलेला गाल करायचा होता.

मिनिटरावांनी डावा हात पांघरुणातून बाहेर काढला आणि त्यांचं मनगट धरलं. वस्तऱ्याच्या हाताचं. मी पुढे झालो, कापेल म्हणून. वहिनींनी वस्तरा सोडेपर्यंत मनगट धरून ठेवलं. मग हात वर केला. पाच बोटं. मूठ मिटली. पुन्हा उघडली, अंगठा आत दुमडलेला. चार.

"काय म्हणतोय हा?" वन्सं म्हणाल्या.

"पाणी हवं असेल," मी म्हटलं. मला काहीतरी बोलावंच लागतं.

"नऊ," वहिनी म्हणाल्या. आवाज जरा बसल्यासारखा. "पावणेनऊला होणार नाही म्हणताहेत. नऊ."

मिनिटरावांनी हात खाली ठेवला.

"काहीतरीच काय! वीस किलोमीटरला अडीच तास पुरतात मला," वहिनी त्यांना म्हणाल्या. त्यांच्यात भांडण म्हणावं असं काही दोन वर्षांत मी प्रथमच ऐकत होतो.

हात पुन्हा वर आला. पाच. चार.

"गेल्या आठवड्याचे पाय आहेत म्हणून? छत्तीस झालेत म्हणून?"

हात तसाच. वहिनी उभ्या राहून त्या चार बोटांकडे बघत होत्या. मला वाटलं आता रडतील, आता बांध फुटेल. मी तर घरी जाऊन कसं सांगायचं त्याची जुळवाजुळवही सुरू केली. नाही रडल्या. खांदे मात्र खाली आले, दोन्ही, भरलेला गाडा कुणीतरी हातातून काढून घ्यावा तसे.

"बरं. नऊ," त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या गालाला वस्तरा लावला.

वन्सं काही वेळ दारात उभ्या राहिल्या. आत गेल्या. मग आतूनच ओरडल्या, "सव्वासहाला निघायचं तर पोटात काही घालून जाशील की तशीच? अंडी उकडायची तर मला आत्ता सांग."

"दोन," वहिनी म्हणाल्या.

मी निघालो. दारात चपला घालताना म्हटलं, "मग मी सहाला येतो, वहिनी."

"उद्या तुम्ही नका येऊ, भाऊजी," त्या वळून न बघता म्हणाल्या. "वन्सं आहेत."

ठीकच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सव्वासहाला वरचं दार उघडल्याचं ऐकू आलं. जिन्यावर पावलं, आमच्या दारावरून खाली गेली. आमच्या हिने पांघरुणातून डोकं बाहेर काढलं.

"जायचं नाही आज?"

"नाही. बदली माणूस आलंय."

ती कूस बदलून पुन्हा झोपली. वर, आमच्या डोक्यावर, कुणीतरी जड खुर्ची थांबत थांबत रस्त्याकडच्या खिडकीकडे ओढत नेत होतं.